शेगडी पेटली होती, पण टाकीत गॅस नव्हता

विक्रेत्याने दाखवलेल्या गोबरगॅसच्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ मी स्वतः काढला होता. निळी ज्योत, पातेल्यात उकळणारं पाणी आणि भिंतीवर गॅसचा दाब दाखवणारी, पाणी भरलेली यू आकाराची काचेची नळी. सगळे पैसे देऊन चार महिने झाल्यावर तो पुन्हा पाहिला आणि पोटात गोळाच आला. नळीच्या दोन्ही बाजूंचं पाणी एका रेषेत होतं. म्हणजे टाकीत दाबच नव्हता! शेगडी दुसऱ्याच कशावर, बहुतेक भिंतीआडच्या सिलिंडरवर जळत होती.

माझ्या गाई ४. एका गाईचं शेण दिवसाला साधारण १० किलो, आणि किलोभर ताज्या शेणातून मिळतो सुमारे ४० लिटर गॅस. म्हणजे रोजचा १.६ घनमीटर. त्याला २ घनमीटरचं संयंत्र पुरे. माझ्या गळ्यात मारलं ६ घनमीटरचं, ज्याला रोज १५० किलो शेण लागतं. "स्वयंपाक तर होईलच, वर जनरेटर लावून ५ अश्वशक्तीची मोटर चालवा," असं विक्रेता छातीठोकपणे सांगायचा. माझ्या १.६ घनमीटर गॅसमधून फार तर ३ युनिट वीज निघते. ती मोटर पाऊण तासात संपवते, मग चुलीला काय उरणार? हा हिशोब सही करण्याआधी कागदावर मांडला असता तर मी वाचलो असतो.

गॅस येईना म्हटल्यावर त्याने दरमहा 'जिवाणू पावडर' घ्यायला लावली. अहो, मिथेन तयार करणारे जिवाणू शेणात मुळातच असतात! सुरुवातीला चालू संयंत्रातली थोडी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणाचा पातळ काला, ओतली की काम लवकर लागतं. पुडी फोडून ओल्या हातावर चोळली, तर पिठासारखी चिकटली.

स्लरी परत विकत घेण्याचा शब्दही तोंडीच होता. गाडी एकदाही आली नाही आणि आता फोन लागत नाही. स्लरी मात्र खरंच सोन्यासारखी आहे. कार्बन गॅस होऊन जातो, नत्र बहुतेक सगळं मागे राहतं. मी ती पाटाच्या पाण्यातून पिकाला देतोय.

तुम्ही घेणार असाल तर वर्षभर चाललेलं संयंत्र बघायला न सांगता जा. शेगडी बंद असताना नळीत एका बाजूचं पाणी वर चढलेलं दिसलं पाहिजे. आणि शेगडीपासून टाकीपर्यंत पाइप स्वतःच्या हाताने चाचपत जा.