बाल्कनी घ्यावी की मधली केबिन? मुंबईहून क्रूझला निघण्याआधी

क्रूझचं बुकिंग करताना एजंटचा पहिला प्रश्न असतो, "बाल्कनी हवी का?" त्याने विचारायला हवं, "घरात कुणाला बोट लागते का?" केबिन कुठल्या प्रकारातली आहे यापेक्षा ती जहाजात नेमकी कुठे आहे, यावर तुमची झोप आणि तुमचं पोट अवलंबून असतं. पैसे मात्र आपण प्रकाराचे मोजतो.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज घ्या. २०२१पासून ते इथून फेऱ्या करतंय. जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं, लांबी साधारण २११ मीटर. त्या काळी बाल्कन्यांची एवढी चलती नव्हती. त्यामुळे बाल्कनीच्या केबिन मोजक्या, बाकी सगळा कारभार खिडकीच्या आणि आतल्या, बिनखिडकीच्या केबिनींचा.

लाटेवर जहाज दोन तऱ्हेने हलतं. एक म्हणजे नाळ, म्हणजे पुढचं टोक वर, पिछाडी खाली, असं सी-सॉसारखं. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर सगळ्यात जास्त उडतं, मधलं जवळजवळ जागेवरच राहतं. दुसरं म्हणजे डावी-उजवीकडे डोलणं, आणि ते जितकं वर जावं तितकं जास्त जाणवतं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डोलणं कमी करतात, पण सी-सॉवर त्यांचा फारसा इलाज नाही. म्हणून बोट लागणाऱ्याने खालचा मजला आणि लांबीच्या मधोमधची केबिन घ्यावी. अगदी पुढची, वरची बाल्कनी या हिशोबात सगळ्यात महाग चूक. डिसेंबर ते फेब्रुवारीत अरबी समुद्र बराच शहाण्यासारखा वागतो, तेव्हा हा फरक कमी जाणवेल. पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे निघणार असाल, तर मात्र आलेपाकाच्या भरवशावर राहू नका.

आवाजाचं कुणी सांगतच नाही. सिंगापूरहून निघालेल्या एका जहाजावर आम्ही हौसेने वरची केबिन घेतली होती. पहाटे साडेपाचला छतावर खर्रर्र, मग थांबून पुन्हा खर्रर्र. सासूबाई उठून बसल्या, "अगं, वर कोण पाटा-वरवंटा घेऊन बसलंय?" वर पूल डेक होता, आणि तिथला माणूस इमानेइतबारे आरामखुर्च्या ओळीत लावत होता. तीन पहाटा हाच कार्यक्रम! थिएटर किंवा डिस्कोच्या वर-खाली असाल तर हेच रात्री दीडपर्यंत. अगदी पुढे, खालच्या बाजूला असाल तर नांगराची साखळी आणि बंदरात शिरताना थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्याची घरघर. अगदी मागे इंजिन आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर, टेबलावरचा पेला किणकिणत राहील इतकी. उपाय साधा आहे. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडा, आपल्या केबिनच्या वरचा आणि खालचा मजला बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर कुटुंबासाठी छान. पलीकडे अनोळखी असतील, तर त्यांचं अख्खं भांडण ऐकायची तयारी ठेवा.

आता खिडकी की आतली? आतली केबिन दिवे घालवले की दिवसाही मिट्ट काळोखी. मुलं दहापर्यंत घोरतात, आणि दोन रात्रींच्या गोवा फेरीत तुम्ही केबिनमध्ये असे कितीसे असणार? कोकण शक्ती, कोकण सेवक या बोटींवर लोक डेकवर वळकटी पसरूनच गोवा गाठायचे. पण मळमळायला लागल्यावर क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं, आणि आतल्या केबिनमध्ये क्षितिज नसतं. उठून डेकवर जावं लागतं. खिडकी घेत असाल तर तिच्यासमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, एवढं विचारा. लक्षद्वीपला जाताना दिवसाउजेडी बराच वेळ समुद्रात जातो, तिथे बाल्कनीचे पैसे थोडेफार वसूल होतात.

बाल्कनी घेतलीतच तर बाजू बघून घ्या. मुंबईहून दक्षिणेला निघालं की शहर उजवीकडे: गेटवे, ताज, मग कुलाब्याचं टोक आणि पुढे सूर्यास्तही उजवीकडेच. परतताना सगळं उलट, बंदरात शिरताना शहर डाव्या हाताला. मला विचाराल तर उजवी. जाताना माणूस हौसेने बाहेर उभा राहतो, येताना बॅगा भरत असतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी लिफ्ट जवळ हवी, पण दाराला दार लावून नको. चार-पाच दारं सोडून. आम्ही आता सासू-सासऱ्यांना खाली मधोमध खिडकीची केबिन घेतो आणि मुलांना घेऊन समोरच्याच आतल्या केबिनमध्ये राहतो. एका बाल्कनीच्या नादाला लागलो असतो, तर त्यांच्यापासून तीन मजले लांब पडलो असतो.

आणि 'गॅरंटी' नावाचं स्वस्त तिकीट दिसेल. त्यात गॅरंटी फक्त प्रकाराची असते, नंबर कंपनी मागाहून ठरवते. दोघंच असाल, कुठेही गाढ झोपत असाल, तर खुशाल घ्या. आईला बोट लागत असेल तर नको.