एकच चॅनल ठेवायचं तर: ‘ठरलं तर मग’ की ‘हास्यजत्रा’?

केबलचा खर्च कमी करायचा म्हणून मराठी मनोरंजनाचं एकच चॅनल ठेवायचं, असं आमच्या घरी ठरलं. 2019 पासून चॅनल सुटं घेता येतं, त्यामुळे निवड आपल्याच हातात आहे. आमच्यापुरता प्रश्न स्टार प्रवाहवरची मालिका ‘ठरलं तर मग’ की सोनी मराठीवरची विनोदी प्रहसनांची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, एवढाच होता.

आधी घराचं सांगतो, कारण निर्णय त्यावरच झाला. आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओलसर तेंदूपान, नजर कात्रीवर. पान वाकडं कापलं की विडी बाजूला काढली जाते आणि तेवढी मजुरी बुडते. हजार विड्या भरायच्या तर मान वर कधी करणार? त्यात मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग दिवसरात्र खडखडत असतो. सोलापुरात अशी हजारो घरं आहेत. त्या घरांत टीव्ही बघण्यापेक्षा ऐकलाच जास्त जातो.

ऐकायला ‘ठरलं तर मग’ फार सोयीची. डिसेंबर 2022 पासून चालू आहे, पण पात्रं एकमेकांना नावानं हाक मारून बोलतात, महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगतात, आणि खलनायिका प्रिया काही कारस्थान करायला लागली की संगीतच तसं वाजतं. नायिका सायलीचं ‘अर्जुन सर’ तर खडखडाटातूनही कळतं. आमच्या शेजारच्या काकूंची घरची भाषा तेलुगू. त्यांनाही या मालिकेतलं मराठी अडत नाही. दोघी आपापल्या सुपावर बसून विलासच्या खुनाच्या खटल्यावर वाद घालायच्या. त्यातले आरोपी मधुभाऊ निर्दोष आहेत हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, तरी तो खटला दोन वर्षांहून जास्त लांबला. डोळे लावून बघणाऱ्या मला ते सहन होईना. हाताशी आलेला पुरावा किती वेळा निसटावा? आईला मात्र त्या संथपणाचा त्रास नाही. मध्येच भाकरी थापायला उठली तरी तिचं काही चुकत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये या मालिकेतल्या ज्योती चांदेकर गेल्या. पूर्णा आजी म्हणून त्यांचा आवाज रोज आमच्या घरात होता. पुढे रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत आल्या, तेव्हा आईनं मान वर न करताच विचारलं, “ही कोण रे?” हट्टंगडींचं काम उत्तमच आहे, पण घरातली आजी बदलल्यासारखं आईला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

‘हास्यजत्रा’ माझी आवडती, हे उघड सांगतो. मराठीत आज याहून मेहनतीनं बसवलेला विनोद मला दुसरीकडे दिसत नाही. समीर चौघुले नुसते उभे राहिले तरी खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं बोलतं. नम्रता संभेराव लॉली होऊन आली की अख्खं घर जेवण थांबवतं. आठवडाभर बघितलं नाही तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक प्रहसन तिथल्या तिथे संपतं. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना आणि एकत्र जेवायला बसणाऱ्या घराला मी हेच सांगेन.

पण ते बघावं लागतं. नुसतं ऐकलं तर परीक्षक प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर हसल्याचं कळतं, कशावर ते कळत नाही. आई विचारते, “काय झालं रे?” मी सांगेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो. शब्दांवरच्या कोट्या काकूंच्याही हातून सुटतात. आणि एक मनापासूनची तक्रार: तेलुगू-कन्नडच्या शेजारानं घडलेलं आपलं सोलापुरी मराठी तिथे मला हवं तितकं ऐकू येत नाही.

झी मराठीवरचं ‘चला हवा येऊ द्या’ 2025 मध्ये परत आलं, पण आधीचे सूत्रसंचालक नीलेश साबळेंशिवाय मला ते परकं वाटलं. तिथल्याच ‘लक्ष्मी निवास’ मालिकेची माणसं जवळची वाटतात, पण एवढा मोठा गोतावळा आवाजावरून ओळखणं कठीण.

आम्ही प्रवाह ठेवलं. ‘हास्यजत्रा’ची प्रहसनं सोनी मराठीच्या यूट्यूबवर बघता येतात. रात्री सूप भिंतीला टेकवून आई हात धुऊन आली की मी एखादं लावतो. मोबाइल आडवा धरून, डब्याला टेकवून ठेवायचा, म्हणजे चौघुलेंचे हातसुद्धा तिला पूर्ण दिसतात.