१०,५७० रुपये आणि टाकीचं झाकण

लाज वाटते, तरी आकडा आधी सांगतो. कार्बोरेटर ६,८००, पेट्रोल पंप १,४५०, फिल्टर १२०, मजुरी २,२००. एकूण १०,५७०, रोख. हिशेब वहीच्या फाटक्या पानावर. आणि बिघाड होता पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात.

माझी जुनी कार्बोरेटरवाली पेट्रोल पिकअप वीस-पंचवीस मिनिटं नीट पळायची, मग आचके देऊन बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. खंबाटकी घाट चढताना तेच झालं. मागे माल, डोक्यावर ऊन. कशीबशी एका गॅरेजपर्यंत नेली.

तिथल्या मेकॅनिकने टाकीचं झाकण फिरवलं आणि लांबलचक 'फुस्स' आवाज आला. मी शेजारीच उभा होतो. त्याने स्टार्टर मारला, गाडी सुरू झाली. मग माझ्याकडे बघून बंद केली आणि म्हणाला, "कार्बोरेटर गेलाय, शेठ." चालू गाडी स्वतःच्या हाताने बंद करून हा माणूस कार्बोरेटर गेलाय म्हणतो, आणि मी मान डोलावतो!

मी नवखा नाही हो. प्लग, पॉइंट घरीच साफ करतो. पण उन्हात व्हेपर लॉकची, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याची, लक्षणंही अशीच असतात, आणि मालवाला दर पाच मिनिटांनी फोन करत होता. "तासाभराने या, चहा घ्या," मेकॅनिक म्हणाला, मी गेलो. कधीही जाऊ नका.

नंतर गाडी छान चालली, फक्त पेट्रोलचा वास यायचा. झाकणाचा रबरी वायसर गायब होता. मी शहाणा, नवा बसवला. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद! एका ट्रक ड्रायव्हरने झाकण सैल केलं. फुस्स. हवा आत घेणारी झडप चोंदलेली. पेट्रोल ओढलं जातं, त्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी होते, पंपाची ओढ कमी पडते आणि फ्लोटची वाटी, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, रिकामी. वायसर नव्हता तोवर त्या फटीतून हवा आत जात होती, म्हणून गाडी चालली. गाडी बंद पडताच आधी झाकण उघडून बघा, फुकट आहे.

'नव्या' कार्बोरेटरच्या आयडल स्क्रूवर मुलीच्या नेलपॉलिशचा ठिपका होता. मीच लावलेला, गेल्या वर्षी. धुऊन माझाच मला विकला! खुणा करून ठेवा. जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौकीत म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक आयोगात जा. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार क्रमांक दिला, मग पक्कं बिल मागितलं, मग तक्रार 'निकाली' काढली. कुणाच्या बाजूने निकाल, हे कोण सांगणार? पुन्हा चौकीत गेलो तर साहेब हसून म्हणाले, "ठिपक्यावरून गुन्हा कसा नोंदवू?" पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं ठाऊक आहे. पण पुरावा म्हणून दाखवायचं काय, वहीचं पान? जीएसटी क्रमांकाचं बिल मागा. नाही म्हणाला तर गाडी ओढून न्या.

नवं झाकण १८० रुपयांना आलं. माझा जुना पंप अजून त्या गॅरेजवाल्याकडेच आहे. चांगला होता तो.