लेकीच्या केसांसाठी घेतलेला गुंता सोडवायचा ब्रश: ५ पैकी ४ स्टार

लेक ४ वर्षांची, तिचा बाबा ब्लॅक आहे आणि केस डिट्टो त्याच्यावर गेलेत, पेनातल्या स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले. मी आधी साध्या कंगव्याने कोरडेच विंचरायचे, ती भोकाड पसरायची आणि बेसिनमध्ये बारीक बारीक तुकडे पडलेले दिसायचे. मुळासकट गळलेले नाहीत हां, मधूनच तुटलेले! असल्या केसात टाळूवरचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही म्हणून ते कोरडे राहतात आणि प्रत्येक वळणावर तुटायला बघतात, हे मला फार उशिरा कळलं.

या ब्रशचे दांडे सुटे आणि लवचिक आहेत त्यामुळे गाठ लागली की ते वाकतात, केस ओढले जात नाहीत. पण नुसत्या ब्रशने काही होत नाही बरं का, केस ओले हवेत, कंडिशनर सढळ हाताने लावायचं, चार भाग करायचे, एकेक बट मुळाशी बोटात घट्ट धरायची आणि टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. मोठी गाठ आली तर आधी बोटांनीच सोडवा.

एक स्टार कापला कारण दांड्यांच्या जोडावर केस अडकतात, दोनदा कात्री आणावी लागली. वेण्या मात्र सैलच घाला, कपाळाजवळ बारीक पुटकुळ्या दिसल्या तर केस ताणले जातायत समजा आणि वेण्या लगेच सोडा. आणि रात्री केस घासून तुटू नयेत म्हणून सॅटिनची टोपी, जी आमची लेक झोपेत भिरकावून देते म्हणून उशीलाच सॅटिनचा अभ्रा घातलाय.