सिलिकॉन गॅस्केट: कंपाउंड पेरॉक्साइडचं की प्लॅटिनमचं?

वाळूजला ज्याच्या शेडमध्ये एक-दोन कॉम्प्रेशन प्रेस आहेत, त्याला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. कच्चं सिलिकॉन प्रेसमध्ये तापून पक्कं (क्युअर) होतं ते त्यात घातलेल्या पेरॉक्साइडमुळे किंवा प्लॅटिनममुळे; म्हणून कंपाउंड, म्हणजे दाबायला तयार मिश्रण, या दोन जातींचं. ऑटोचं काम थंडावलं की माणूस फार्मा नि ब्रुअरीच्या टीसी गॅस्केटकडे (पाइपांच्या ट्राय-क्लॅम्प जोडात बसणाऱ्या) वळतो, आणि तिथला पर्चेसवाला पहिल्याच फोनवर विचारतो, "प्लॅटिनम क्युअर्ड आहे ना?" त्याला नम्रपणे विचारावं, की स्टँडर्ड कोणतं हवंय. नुसतं एफडीए 177.2600 (अन्नाला लागणाऱ्या रबराचा अमेरिकी नियम) म्हणाला तर त्यात प्लॅटिनमच हवं अशी अट नाही. लेखी प्लॅटिनमच मागितलं असेल तर मग विषय संपला.

मालाच्या गुणांत प्लॅटिनम सरस, हे मान्य. माल नितळ निघतो, पिवळा पडत नाही, फाटायला चिवट असतो. पेरॉक्साइड फुटून जे उरतं त्याचा वास प्रेस उघडताच शेडभर होतो. तो घालवायला 200 अंशांवर साधारण 4 तास ओव्हन, तोही ताजी हवा खेळती ठेवून. वीजबिल दिसतंच. पण प्लॅटिनमला ओव्हन लागतच नाही असं विक्रेता म्हणाला तर अर्धंच खरं माना. अन्न-औषधाच्या कामात उडून जाणारे अंश काढायला तो बहुधा लावावाच लागतो.

पेरॉक्साइड घेताना कोणतं, तेवढं विचारा. डायक्लोरोबेंझॉइलवालं मुळात गरम हवेत ट्यूब काढण्यासाठी; त्याचं गॅस्केट दाबलं आणि ओव्हन नीट झाला नाही तर काही दिवसांनी अंगावर पांढरी भुकटी येते. साच्याच्या कामाला 170-180 अंशांवर चालणारं डीबीपीएच नावाचं पेरॉक्साइड मागावं. (आणि दोन्हींपैकी काहीही दाबा, साच्यात सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. सिलिकॉनला सिलिकॉन सोडवत नाही.)

एवढं सगळं असून माझ्याकडे रोजचं कंपाउंड पेरॉक्साइडचंच आहे. कारण एकच: गंधक.

आपल्याकडे त्याच मिलवर (रबर मळायच्या रोलांवर) सकाळी नायट्राइल, दुपारी ईपीडीएम चालतं. या दोन्ही रबरांत पक्कं करायला गंधक. प्लॅटिनम कंपाउंडात असतं अगदी नखभर, आणि गंधक लागलं की ते निकामी होतं. मग गॅस्केट प्रेसमधून निघतं ते एका बाजूला ठणठणीत, दुसऱ्या कडेला बोट लावलं की पाकासारखी तार सुटते. परत ओव्हनमध्ये टाकून काही होत नाही. रोल घासून घेतले तरी गंधक कापायच्या पात्याला राहिलेलं असतं, ऑपरेटरच्या लॅटेक्स हातमोज्यात असतं. डाग दरवेळी वेगळ्या जागी, म्हणून आधी संशय तापमानावर, मग वेळेवर, मग हीटरवर. कंपाउंडवाल्याला फोन करावा तर तो म्हणतो, "साहेब, तुमच्याच शेडमध्ये काहीतरी आहे." आणि वैताग असा, की बहुतेकदा त्याचंच बरोबर असतं. पेरॉक्साइडलाही घाण चालत नाही, पण ते एवढ्या-तेवढ्यावर असं रुसून बसत नाही.

दुसरी गोष्ट मे महिन्याची. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीशीच्या वर पारा असताना प्लॅटिनम कंपाउंडचे ए आणि बी असे दोन वेगळे येणारे भाग मिसळले की माल किती वेळ हातात राहील, याचा मला तरी अंदाज येत नाही. पेरॉक्साइडचा गोळा सावलीत झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही निमूट दाबून घेतो. दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये गारवा असेल, तर त्याचा अनुभव वेगळाही असेल.

शेडमध्ये फक्त सिलिकॉनच चालत असेल, किंवा वेगळी खोली, वेगळी मिल आणि पॉलिथिनचे हातमोजे यांची शिस्त पाळणारी माणसं असतील, तर प्लॅटिनम खुशाल घ्या. महिन्याकाठी एखादीच तशी ऑर्डर येत असेल, तर ती निव्वळ सिलिकॉन करणाऱ्याकडे जॉबवर्कला द्यावी. मार्जिन थोडं जातं, पण मी तरी तसंच करतो.