आत्याचं केअर होम: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यातच स्मृतिभ्रंश वाढला आणि चोवीस तास माणूस हाताशी असल्याशिवाय भागेना, तेव्हा तिला केअर होममध्ये ठेवलं. आता बरेच महिने झालेत. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं बदलली की जागाही बदलते, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही केअर होमला लावून बघता येईल. माझं मत असं की जागा चांगली आहे. तिथेही गोष्टी बिघडतात, पण बिघडलं की ते आम्हाला सगळ्यात आधी तिथल्याच माणसांकडून कळतं. माझ्या लेखी सुरक्षितता ती हीच.

निवडताना आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारायचो, गेल्या महिन्यात इथे किती जण पडले? एका ठिकाणी ठासून सांगितलं, "आमच्याकडे कुणीच पडत नाही." चालतीफिरती वृद्ध माणसं जिथे राहतात तिथे कुणी ना कुणी पडतंच. कुणीच पडत नसेल तर एक तर ते लिहून ठेवत नाहीत, नाहीतर माणसांना उठूच देत नाहीत. त्याच ठिकाणी हॉलमध्ये काही जण कमरेला पट्टा घालून खुर्चीला बांधलेले दिसले. बांधून ठेवलं की पायांतली उरलीसुरली ताकदही जाते. पलंगाला दोन्ही बाजूंनी उंच कठडे लावले तरी धोका टळत नाही. गोंधळलेलं माणूस कठड्यावर चढतं आणि उलट जास्त उंचीवरून पडतं.

आताच्या ठिकाणी तोच प्रश्न विचारल्यावर इन्चार्ज सिस्टरनी रजिस्टर काढलं आणि नावं झाकून नोंदी वाचून दाखवल्या. कधी पडले, कुठे, कोणत्या गोळ्या चालू होत्या, पुढे काय बदललं. बरेचसे पहाटे बाथरूमला जाताना पडलेले, म्हणून पहाटेची एक फेरी वाढवलेली. माझा निर्णय तिथेच झाला.

पुढे आत्याही पडली. रात्रीच फोन आला. डोक्याला लागल्यासारखं वाटत नव्हतं, तरी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे त्यांनी डॉक्टरांशी बोलून तिला स्कॅनसाठी नेण्याची तयारी आधीच केली होती. अशा गोळीवर असलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव उशिराही दिसू शकतो, म्हणून त्यानंतरही तिच्यावर लक्ष ठेवलं. सिस्टरनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. बेल वाजवूनही यायला उशीर झाला होता, हेसुद्धा.

कातडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शुश्रूषा कशी होतेय ते तिथे लपत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात त्या बहुतेक माकडहाडावर, टाचांवर, खुब्याच्या बाजूला. सुरुवातीला जखम नसते, नुसता डाग असतो. साधी लाली बोटाने दाबली की फिकी पडते. दाबूनही फिकी पडली नाही तर बेडसोरची ती पहिली पायरी. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ही लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे हाताने बघायचं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, दाबल्यावर दुखते का. मी दर भेटीत आत्याचे मोजे काढून टाचा बघते. उशी टाचेखाली न ठेवता पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाच अधांतरी राहते, हे मला इथल्याच एका मावशींनी दाखवलं. आणि एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायची गरज नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात, प्रकृतीप्रमाणे ते अंतर कमी-जास्त होतं, पण बदलावी लागतेच.

माझी सगळ्यात मोठी तक्रार याच कामाबद्दल आहे. मधे तापामुळे आत्या काही आठवडे झोपून होती. एकदा दुपारी चारच्या सुमाराला मी कुशी बदलण्याचा चार्ट बघितला, तर संध्याकाळी सहा आणि रात्री आठच्या रकान्यांतही "डावी कूस", "उजवी कूस" लिहून सही केलेली. एकच पेन, एकच अक्षर. मला फार राग आला. काम राहिलं तर ते पुढच्या पाळीला तरी दिसतं. खोटी नोंद असली की काम राहिलंय हेच कुणाला कळत नाही. इन्चार्ज सिस्टरनी सबब सांगितली नाही. त्या पाळीला एक माणूस कमी होता आणि त्याच्या जागी कुणाला आणलं नव्हतं, हे मान्य केलं. तेव्हापासून चार्ट नर्सिंग स्टेशनऐवजी पलंगाच्या पायथ्याशी टांगतात आणि पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या मावशी पलंगाशी उभ्या राहून ताबा देतात-घेतात. सुधारणा खरी आहे. तरी याचे गुण मी कापतेच.

म्हणूनच सांगते, भेटायला एकाच वेळी जाऊ नका. सकाळी अकराला कुठलंही केअर होम व्यवस्थित दिसतं. रविवारी संध्याकाळी जा, रात्रीच्या पाळीत किती माणसं असतात ते विचारा, आणि आग लागली तर तेवढ्या माणसांत झोपून असलेल्यांना बाहेर कसं काढणार तेही विचारा. कुणाच्या खोलीतली बेल वाजली की घड्याळ बघा. त्याच त्या मावशी दिसतात की दर वेळी नवे चेहरे, हेही बघा. रोज हात लावणाऱ्या माणसालाच "आज यांचं काहीतरी वेगळं आहे" हे आधी कळतं. इमारत, बाग, टीव्ही यांचं मला फारसं महत्त्व वाटत नाही.

आता गोळ्यांविषयी. आत्या संध्याकाळी बेचैन होते, घरी जायचं म्हणून दाराशी जाते. एका आठवड्यात ते फारच वाढलं आणि "शांत राहण्याची गोळी" द्यायचा विषय निघाला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची ही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ मध्ये यांतल्या नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवरही छापायला लावला. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर कधी ती लागतातही. पण आधी कारण शोधायला हवं: लघवीचा संसर्ग, कुठेतरी दुखणं, पाणी कमी जाणं, नव्याने सुरू केलेली एखादी गोळी. आत्याचं पोट चार दिवस साफ झालं नव्हतं. ते रात्रपाळीच्या सिस्टरनी नोंदी चाळून शोधलं, आणि पोट साफ झाल्यावर ती बरीच निवळली. गोळी द्यावी लागली नाही.

वजनाचा तक्ता मात्र आम्हाला मागून घ्यावा लागला. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरलं तर ती गंभीर बाब मानतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं महिन्याभरात अडीच किलो. आत्याचं तेवढं उतरलं नाही, पण उतरत होतं, आणि दातांची कवळी सैल झाली होती हे त्यानंतर लक्षात आलं. कवळीचं काम त्यांनी लगेच करून घेतलं. वजन दर महिन्याला न मागता कळवा असं सांगूनही अजून मागावंच लागतं.

सुट्टीच्या दिवशी फिजिओथेरपी होत नाही. लागोपाठ सुट्ट्या आल्या की आत्याचं चालणं पुन्हा अडखळतं, तेव्हा त्या दिवसांत मी किंवा माझा भाऊ जाऊन तिला वॉकरने कॉरिडॉरमध्ये फिरवतो. ज्यांच्याकडे असं अधूनमधून जाणारं कुणी नाही, त्यांनी इथे ठेवण्याआधी हे नक्की ठरवून घ्यावं. सतत बाहेर जाऊ पाहणाऱ्या, अंगात ताकद असलेल्या माणसासाठी ही जागा मी सुचवणार नाही; संध्याकाळी दाराशी कायम कुणी बसेल इतकी माणसं तिथे नाहीत. आत्यासारख्या, आधाराने चालणाऱ्या आणि वेळेवर हात देणारं कुणी हवं असणाऱ्या माणसासाठी सुचवेन. आम्ही तिला तिथेच ठेवणार आहोत.