‘म्युझिक प्रॉडक्शन पीसी’ म्हणून माथी मारलेला जुना सर्व्हर

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी ‘म्युझिक प्रॉडक्शन पीसी’ किंवा ‘स्टुडिओ पीसी’ या नावाने संगणक जोडून देणारे विक्रेते आता सगळीकडे झाले आहेत. त्यांतले पुष्कळसे सचोटीने धंदा करतात. परंतु याच नावाखाली, मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निवृत्त झालेले भाग नवे म्हणून विकण्याचा प्रकारही जोरात चालू आहे, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या अशाच एका विक्रेत्याकडून असा एक संच माझ्या घरी आला. ही फसवणूक कशी रचलेली असते आणि ती कुठे उघडी पडते, हे संगीताचा संगणक घेऊ पाहणाऱ्यांना आधीच कळावे म्हणून हे लिहीत आहे.

माझी गरज साधी होती. भजने, भावगीते आणि गणेशोत्सवासाठी मंडळांची गाणी मी घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रित करतो. दोन माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण), तबला, पेटी, आणि व्हायोलिन-बासरीच्या साथीसाठी सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांचा साठा). साठ हजारांच्या आसपास खर्च करण्याची तयारी होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली, तेव्हा त्या पैशांत सहा कोरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे सहा भाग असलेला, इंटेलचा आय५ प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम असा हिशेब निघत होता. या विक्रेत्याच्या कोटेशनवर मात्र त्याच किमतीत ‘इंटेल १४ कोर २८ थ्रेड, ६४ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबी एनव्हीएमई, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅट एसएमपीएस’ असे ठसठशीत लिहिलेले होते. (थ्रेड म्हणजे प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो ती कामे, इथे प्रत्येक कोरमागे दोन; एनव्हीएमई म्हणजे वेगवान एसएसडी, आणि एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा.) प्रोसेसरचे मॉडेल कोणते, मदरबोर्ड कोणाचा, रॅम कोणत्या कंपनीची, यांतले एकही अक्षर त्यावर नव्हते. विचारल्यावर उत्तर तयार होते : “सर, मॉडेल नंबर गेमिंगवाले बघतात. म्युझिकला कोर लागतात, कोर.”

या एका वाक्यातच सगळी मेख आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ऑडिओ सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून काम करते. बफर, म्हणजे असा एक तुकडा, १२८ सॅम्पलचा आणि सॅम्पल रेट, म्हणजे दर सेकंदाला घेतलेली आवाजाची मोजमापे, ४४,१०० असेल, तर प्रत्येक तुकड्यासाठी प्रोसेसरला सुमारे २.९ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्या वेळात काम आटोपले नाही की हेडफोनमध्ये ‘तड्’ असा आवाज येतो. गायकाच्या एका ट्रॅकवर इक्वलायझर, कंप्रेसर, रिव्हर्ब असे प्लगइन, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्राम, एकापुढे एक लावलेले असतात. आधीच्याचे काम झाल्याशिवाय पुढच्याला सुरुवात करता येत नाही, त्यामुळे ती साखळी साधारणपणे एकाच कोरवर चालते. उरलेले तेरा कोर त्या वेळी हातावर हात ठेवून बसलेले असतात. पन्नास-साठ ट्रॅकचे मिक्सिंग करताना जास्त कोरांचा निश्चित उपयोग होतो, हे खरे. पण गायक समोर उभा असताना महत्त्व असते ते एका कोरच्या वेगाला. ‘म्युझिकला कोर लागतात’ हे विधान खोटे नव्हते. अर्धे खरे होते, आणि ग्राहक त्यालाच बळी पडावा अशी त्याची योजना होती.

संगणक घरी आला तेव्हा देखणा होता. काचेचे कॅबिनेट, आत रंगीत दिवे, रॅमच्या चारही पट्ट्यांवर चकचकीत ॲल्युमिनियमची आवरणे. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ असा कागद चिकटवलेला होता. सोबत विक्रेत्याने तोंडी सूचना दिल्या : विंडोजचे अपडेट बंद ठेवा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलू नका, शक्यतो इंटरनेटला जोडू नका, स्टुडिओची मशिन अशीच ठेवतात. ज्याने चार स्टुडिओ पाहिले आहेत त्याला हे पटेल, कारण काम नीट चालू असलेल्या संगणकाला हात लावू नये असा शिरस्ता अनेक स्टुडिओंत खरोखरच पाळला जातो. इथे मात्र त्या शिरस्त्याचा उपयोग आतला माल झाकण्यासाठी केलेला होता, हे पुढे कळले.

एकट्याने गाणी ऐकताना, जुने प्रकल्प उघडताना काही जाणवले नाही. तबला ध्वनिमुद्रित करायला बसलो आणि तडतड सुरू झाली. १२८ चा बफर २५६ केला, ५१२ केला, शेवटी १०२४ वर आवाज स्वच्छ झाला. पण १०२४ म्हणजे केवळ बफरचेच सुमारे २३ मिलिसेकंद, आणि इंटरफेसमध्ये आवाज आत येण्याचा व बाहेर जाण्याचा वेळ त्यावर वेगळा. माझे तबलावादक मित्र हेडफोन काढून म्हणाले, “अहो, मी धा वाजवतोय आणि तुमचा धा माझ्या मागून चालत येतोय.” त्या वेळी पडद्यावर एक विचित्र दृश्य होते. ऑडिओ सॉफ्टवेअरचा, प्रोसेसरवरचा ताण दाखवणारा मीटर लाल झालेला, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर जेमतेम दहा टक्के. २८ थ्रेडपैकी एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापर साडेतीन टक्क्यांच्या आसपासच दिसतो, हे लक्षात घेतले की त्या दृश्याचा उलगडा होतो.

विक्रेत्याला दूरध्वनी केला, तर त्याने आधी इंटरफेसला दोष दिला, मग घरातल्या अर्थिंगला, आणि नंतर आणखी महाग इंटरफेस ‘आपल्याकडेच’ उपलब्ध असल्याचे सांगितले. माझा तोच इंटरफेस भाच्याच्या साध्या लॅपटॉपवर १२८ च्या बफरला बिनतक्रार चालत होता. अर्थिंग बिघडले तर घूं असा आवाज येतो, बफर वाढवून जाणारी तडतड नव्हे. एवढे ज्ञान मात्र त्या गृहस्थांनी गृहीत धरले नव्हते.

त्यानंतर संगणकाची तपासणी केली. त्यासाठी लागणारी सगळी साधने फुकट मिळतात, आणि खरेदीच्या वेळी दुकानातच ती चालवून दाखवण्याचा आग्रह धरता येतो. सीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रामने प्रोसेसरचे नाव दाखवले : झिऑन ई५-२६८० व्ही४. हा इंटेलने २०१६ साली सर्व्हरसाठी काढलेला प्रोसेसर. चौदा कोर खरे, अठ्ठावीस थ्रेडही खरे, पण मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि एका कोरची कमाल धाव ३.३ गिगाहर्ट्झ. २०२२ चा आय५-१२४०० सहाच कोरचा असला तरी त्याचा एक कोर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि प्रत्येक गिगाहर्ट्झमागे कामही अधिक करतो. मदरबोर्ड ‘एक्स९९’ नावाचा होता. त्या नावाचा अस्सल चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) इंटेलने २०१४ मध्ये आणला. आज स्वस्तात ‘नवे’ म्हणून मिळणारे त्या नावाचे बहुतेक बोर्ड चीनमध्ये जुन्या बोर्डांवरून उतरवलेल्या चिप वापरून बनवलेले असतात. सर्व्हरमधून निघालेला असा प्रोसेसर आणि असा बोर्ड यांची जोडी त्या वेळी पंधरा हजारांच्या आत सर्रास मिळत होती.

रॅमची गोष्ट अधिक बोलकी आहे. सीपीयू-झेडच्या एसपीडी नावाच्या पानावर प्रत्येक पट्टीच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दिसते; माझ्या चारही पट्ट्या २०१६ च्या होत्या आणि त्यांपुढे ‘रजिस्टर्ड’ असा शेरा होता. रजिस्टर्ड रॅम सर्व्हरसाठी असते आणि घरगुती मदरबोर्डवर ती चालतच नाही, म्हणजे उद्या बोर्ड बदलायचा म्हटले तर ६४ जीबीची किंमत शून्य. एका पट्टीवरचे चकचकीत आवरण नखाने अलगद उचलले. खाली दुहेरी चिकटपट्टी, आणि तिच्याखाली मूळ कंपनीचा पिवळा पडलेला, बारकोड अर्धवट खरवडलेला कागद. दिवाळीच्या मिठाईच्या जुन्या खोक्याला नवा कागद लावावा, तितकेच ते काम सफाईदार होते.

ग्राफिक्स कार्ड तर निव्वळ बनावट निघाले. विंडोज त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणत होते. ग्राफिक्स कार्ड ओळखणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडल्याबरोबर नावाआधी ‘फेक’ असा शब्द आला आणि आत २०११ सालच्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप असल्याचे दिसले. कार्डाचे बायोस, म्हणजे संगणकाला कार्डाची ओळख सांगणारा त्याच्या आतला प्रोग्राम, बदलून हे केले जाते, आणि खऱ्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर टाकला की कार्ड कोलमडते. ‘ड्रायव्हर बदलू नका’ या सूचनेचे कारण ते. वास्तविक संगीताच्या कामाला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरजच नसते. ते घ्यावे लागले, कारण या झिऑनमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम चालवल्यावर ध्वनीच्या कामात सर्वांत मोठे अडथळे याच कार्डाच्या ड्रायव्हरकडून येत असल्याचेही निष्पन्न झाले. शिवाय असा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

भांडायला गेल्यावर विक्रेत्याने कोटेशन समोर ठेवले. “यात लिहिलंय तेवढं सगळं दिलंय की नाही, सांगा.” चौदा कोर होते, अठ्ठावीस थ्रेड होते, ६४ जीबी होती. पक्के बिल मागितल्यावर ‘कॉम्प्युटर सिस्टिम, नग १’ एवढीच ओळ असलेले जीएसटी बिल हाती आले. मग त्याने दुसरे अस्त्र काढले. भेट म्हणून त्याने संगणकात महागडी ऑडिओ सॉफ्टवेअर आणि प्लगइन चोरीच्या प्रती म्हणून आधीच भरून ठेवलेली होती, आणि तक्रार केलीत तर तुमच्याकडे काय काय सापडेल याचाही विचार करा, असे तो हसत हसत म्हणाला. हे ‘फुकट’ मिळणारे सामान नेमके कशासाठी असते, ते तेव्हा उमगले. तपासणीचे पुरावे काढून झाल्यावर मी ते सगळे काढून टाकले.

कायदा या बाबतीत विक्रेत्याला वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून दाखवणे येते, आणि बिल न देणेही येते. त्यामुळे ‘चौदा कोर दिले’ हा बचाव अपुरा पडतो. प्रश्न कोर किती हा नसून माल नवा म्हणून विकला का, हा असतो. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘ब्रँड न्यू, ३ वर्षे वॉरंटी’ असे लिहिलेले होते. त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या यूपीआय नोंदी, व्हॉट्सॲपवरचे संभाषण, सीपीयू-झेड व जीपीयू-झेडची चित्रे आणि आवरण उचललेल्या रॅमचे छायाचित्र, असा सगळा पुरावा मी तारखेनिशी जुळवला. कॅबिनेटचे सील तोडण्यापूर्वी आणि तोडताना अखंड व्हिडिओ काढून ठेवला होता, त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण भाग तुम्हीच बदललेत हा आरोप त्याने अपेक्षेप्रमाणे केलाच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटिशीत प्रत्येक भागाचे खरे नाव, त्याचे निर्मितीचे वर्ष आणि जाहिरातीतला दावा समोरासमोर मांडलेला होता. ती मिळाल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला, आणि बरीच ओढाताण होऊन त्याने संगणक परत घेतला व रकमेचा मोठा भाग परत केला. कॅबिनेट आणि ‘सर्व्हिस’ या नावाखाली काही हजार कापून घेतले ते घेतलेच. उरलेल्या रकमेसाठी ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. तेवढ्यासाठी पुन्हा वेळ घालवायचा नाही असे मी ठरवले.

नव्या संगणकाचे कोटेशन मी स्वतः लिहून नेले : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस यांचे पूर्ण मॉडेल क्रमांक, आणि प्रत्येकाचा अनुक्रमांक बिलावर हवा ही अट. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घेतला. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता व एमआरपी छापलेली होती, आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर कोरलेल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहिला. एका दुकानदाराने एवढे सगळे लिहून देण्यास नकार दिला, दुसऱ्याने न कुरकुरता दिले. खरेदी अर्थातच दुसऱ्याकडे झाली. सहा कोर, ३२ जीबी रॅम आणि अंगभूत ग्राफिक्स असलेल्या त्या संगणकावर तबला आणि गायन १२८ च्या बफरला एकत्र ध्वनिमुद्रित होते.

ज्यांच्या घरी असा संच आधीच येऊन पडला आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता पुण्याचा असला तरी सोलापूरच्या वा लातूरच्या ग्राहकाला पुण्यास खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.